कोपरीच्या डोलकाठ्या

अरुण गेला त्या सकाळी माझा सख्खा भाऊ आंबिवलीहून पोचायच्या आत मोकाशी कोपरीहून डोंबिवलीच्या हॉस्पिटलात हजर होते. मी त्यांना कळवलं नव्हतं. कळवायचं सुचलंही नव्हतं. आदल्या संध्याकाळी अरुणनेच फोन करून त्यांना बोलावलेलं, ‘सकाळी या, डोलकाठ्यांचं बोलू.’ म्हणजे हा माणूस काखेत कागदाची सुरळी घेऊन डोलकाठ्यांचं बोलायला आलेला, आणि माझा नवरा गेल्याची बातमी मलाच त्यांना द्यावी लागली. ऐकल्याबरोबर ते जिन्याच्या पायरीवर मटकन बसले आणि मोठमोठ्याने रडायला लागले. येणारे-जाणारे थांबून त्यांची पाठ थोपटत होते. एका नर्सने मला हळूच विचारलं, ‘पेशंटचे भाऊ का?’ मी म्हटलं, नाही, मित्र. आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला गेले...

त्या शेवटच्या फोनवर अरुण वीसेक मिनिटं तरी बोलत होता. मी शेजारच्या स्टुलावर बसून मोसंबं सोलत होते. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, ‘चार्जर आणलास का गं?’ आणलेला. तेच त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. आता दोन महिने होत आले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात, तर लिहिते. अरुणबद्दल माझ्याकडे सगळं चांगलंच आहे. जे काही वाईट आहे ते माझ्या पोटात आहे, आणि ते मोकाशींबद्दल आहे.

अरुण रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता. नखांच्या कडांना कायम कुठला ना कुठला रंग. लग्नानंतर आम्ही कल्याणला एका खोलीत राहायचो. रविवारी संध्याकाळी दुर्गाडीवर देवीच्या दर्शनाला जायचो. तिथून खाडीकडे बोट दाखवून तो म्हणाला होता, ‘तो चिखल दिसतोय ना, तिथे मराठ्यांच्या आरमाराची जहाजं बांधायचे. गुराबा.’ गुराब म्हणजे तोफा घेऊन लढायला जाणारं, दोन-तीन डोलकाठ्यांचं मोठं जहाज, हे मला त्या दिवशी कळलं. ‘रिटायर झालो की एक करणार. कागदाची. पण खेळणं नाही, सगळं प्रमाणात.’ मी विचारलं, कागदाची का, लाकडाची कर की. तर म्हणाला, ‘भुसा होईल घरभर. तू ओरडशील. कागदाचा आवाज नाही नि कचरा नाही.’ म्हणजे बघा, त्या जहाजाच्या पहिल्या विचारात मी होते. गुराबेची गोष्ट त्याने सगळ्यांत आधी मला सांगितली. मोकाशी तेव्हा कुठे होते? हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मोकाशी आले ते माझ्यामुळेच, कप्पाळ माझं. अरुण रिटायर होऊन घरात येरझारा घालायला लागला, तेव्हा ठाण्याला कागदी वस्तूंचं प्रदर्शन होतं तिथे मीच त्याला ओढत नेलं. मोकाशींनी तिथे कागदाचं दीपगृह मांडलेलं. एकटा जीव, लग्न केलेलं नाही, नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त. अरुणने त्या दीपगृहाच्या जिन्याबद्दल काहीतरी विचारलं, आणि ते दोघे जे बोलत सुटले ते हॉल बंद करायची वेळ झाली तरी थांबेनात. मी खुर्चीवर पर्स सांभाळत बसलेले. घरी येताना अरुण रिक्षात आपल्याशीच हसत होता. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वाट्याला काही असं हसू आलेलं नव्हतं, हे मला तेव्हाच जाणवलं आणि तिथूनच माझ्या पोटात दुखायला लागलं.

कामाची वाटणी झाली. जहाजाचं अंग, म्हणजे कणा, बरगड्या, फळ्या, तोफा, डोंबिवलीत. डोलकाठ्या, शिडं, दोर कोपरीत. दोन्हीकडचं पुरं झालं की मगच जोडायचं, तोवर नाही. जोडण्याच्या त्या दिवसाला दोघं ‘लग्न’ म्हणायचे आणि म्हातारे खी खी हसायचे. आमच्या मुलीच्या लग्नात हा एवढा उत्साही नव्हता. अरुणचं काम मात्र बघत राहावं असं होतं. कार्डपेपरच्या काडीएवढ्या पट्ट्या कापायच्या. कापलेली कड पांढरी दिसते म्हणून प्रत्येक पट्टीच्या कडेवरून ब्रशने तपकिरी रंग फिरवायचा. मग पट्टी ओठांपाशी धरून तिच्यावर हा... करून वाफ सोडायची, म्हणजे ती मऊ पडते आणि बाक घेते. अशी एकेक फळी. हातभर लांबीच्या जहाजाच्या एकेका फळीवर त्याचा श्वास पडलेला आहे. मी दारात उभी राहून बघायचे. एकदा म्हटलं, मला दे ना एक पट्टी. ‘तुला कंटाळा येईल गं,’ म्हणाला. प्रेमाने म्हणाला, मान्य आहे. पण पट्टी दिली नाही.

मी सगळी नोकरी ठाण्याच्या कोर्टात स्टेनो म्हणून केली. एवढ्या वर्षांत ‘आज तुला घ्यायला येतो’ म्हणून हा एकदाही ठाण्याला आला नाही. ठाण्यातल्याच कोपरीला मात्र दर शनिवारी, इस्त्रीचा शर्ट घालून! शिवाय रोज फोन. मोकाशींचं घर खाडीच्या अंगाला, दमट, आणि कागद हवेतलं पाणी पितो, त्यामुळे दोन्हीकडचा कागद सारखा राहायला हवा. मग सकाळी चहाच्या आधी सुरू, ‘काय हो, फुगलाय का तुमच्याकडे?’ पावसाळ्यात माझे गुडघे फुगून भोपळे व्हायचे, त्यांची अशी चौकशी कुणी केली असेल तर शपथ! एकदा मी माझ्या शिवणाच्या डब्यातला चांगला दोरा काढून दिला, म्हटलं घ्या तुमच्या जहाजाच्या दोरांना. चार दिवसांनी तो परत आला. ‘मोकाशी म्हणतात, याचा पीळ उलटा आहे.’ मोकाशी म्हणतात! भाजी निवडायला बसल्यावर मोकाशी म्हणतात, टीव्ही बघताना मोकाशी म्हणतात. आमची मुग्धा एकदा म्हणाली, ‘आई, बाबांचं कोपरीला अफेअर आहे.’ मी म्हटलं, अगं बाई असती तर बरं झालं असतं, झिंज्या तरी उपटल्या असत्या. मोकाशींना तेवढेही केस नाहीत.

हसू नका. बायकोला नवऱ्याच्या मित्राचा हेवा वाटतो, हे सांगायलाही जागा नसते. कोण ऐकून घेणार? दारू नाही, पत्ते नाहीत, बाहेरख्यालीपणा नाही, दोन सज्जन कागद कापत बसलेले. तक्रार तरी काय करायची? अरुण माझ्याशी कधी वाईट वागला नाही. दुधाची पिशवी आणायचा, माझ्या गोळ्या डबीत भरून ठेवायचा, माझ्या आईचं आजारपण त्याने काढलं. पण त्याला जे सगळ्यात आवडायचं ते बोलायला तो कोपरीला जायचा. मला त्यातलं थोडं हवं होतं. सगळं नको, थोडं.

तेराव्याला मोकाशी आले. जेवले नाहीत. निघताना चपला घालता घालता म्हणाले, ‘वहिनी, त्या गुराबेचं... म्हणजे मी घेऊन जाऊ का? माझ्याकडचं सगळं तयार आहे.’ मी म्हटलं, ‘राहू दे इथेच.’ ते मान हलवून गेले. मग एकदा फोन आला. मी उचलला नाही. मग मुग्धाचा आला. त्यांनी तिला काही सांगितलं नव्हतं, मी जहाज अडवून धरलंय ते तिनेच ओळखलं. ‘आई, काय हा बालिशपणा? बाबांची इच्छा होती ना?’ होती. पण ते जहाज कोपरीला गेलं असतं, तर त्या घरात मोकाशींच्या डोळ्यांसमोर ते लग्न लागलं असतं आणि मला फोटो आला असता. फोटो! अरुणचे श्वास माझ्या घरातून काढून नेणार आणि मला व्हॉट्सॲपवर दाखवणार. मी साफ सांगितलं, जोडायचं तर माझ्या घरी. ज्याला यायचं त्याने यावं.

ते आले. गेल्या आठवड्यात, भर दुपारी, भिंतीवरच्या घड्याळाच्या लांबट खोक्यात तीन डोलकाठ्या घेऊन. शिडं, दोर सगळं बांधलेलं. कागदाचीच गुंडाळी करून केलेल्या त्या डोलकाठ्या खाली जाड, वर सुईसारख्या बारीक. खरं सांगते, इतकं देखणं काम असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि ते बघून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी चहा ठेवला नाही. ते अरुणच्या टेबलाशी बसले. म्हणाले, ‘आत्ता अरुण असता तर म्हणाला असता...’ मी म्हटलं, ‘अरुण काय म्हणाला असता ते मला सांगू नका.’

 मग खालच्या आवाजात त्यांनी मला समजावलं, कारण कुणालातरी सांगायलाच हवं होतं त्यांना. वरच्या फळ्यांना भोक आहे ते दिसतं. पण डोलकाठी नुसती भोकात घालून भागत नाही. खाली आत, कण्यावर, अरुणने एक खाच केलेली आहे. वरून फळ्या बसवून टाकल्यावर ती कधीच दिसत नाही. डोलकाठीचं टोक भोकातून जाऊन आत अंधारात बरोबर त्या खाचेत टेकायला हवं, तेही थोडं कलून. मोकाशींनी ती खाच पाहिलेलीच नव्हती. ती ते फोनवर ऐकत आले होते.

तेव्हा मला काय वाटत होतं ते लिहिते. मला वाटत होतं, बसू नये. दोन महिने खोली बंद, कागद फुगलेला असणार. अडकावी. मोकाशींना ब्लेड काढून तासावी लागावी. एवढ्या फोनांनंतर, एवढ्या शनिवारांनंतर, केसभर तरी चुकलेलं निघावं. म्हणजे मग मी म्हणू शकले असते की तुम्हांला तरी तो कुठे पुरता कळला होता!

त्यांनी मधली डोलकाठी उचलली आणि भोकावर धरली.  त्यांनी ती सोडली. ढकलली नाही, नुसती सोडली. ती आपोआप खाली गेली, एवढीशी कलली आणि आत कुठेतरी टेकून ताठ उभी राहिली. डिंक नाही, काही नाही. एक माणूस डोंबिवलीत, एक कोपरीत, आणि हे असं. माझ्या सबंध संसारात मी आणि अरुण एवढे बिनचूक कधी जुळलो होतो, ते मी उभ्या उभ्या आठवायला लागले. मला एकही वेळ आठवेना. मोकाशी चष्मा काढून डोळे पुसत होते, आणि मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला त्यांचा इतका हेवा वाटला की माझे कान गरम झाले.

मी म्हटलं, ‘काढा ती.’

‘अहो वहिनी, बसली आहे. सुरेख बसली आहे.’

‘दिसतंय मला. काढा.’

 मग दोन बोटांत धरून त्यांनी ती अलगद वर काढली. मी हात पुढे केला. त्यांनी दिली. वजनच नव्हतं तिला. मी त्यांना खुर्चीवरून उठायला सांगितलं आणि अरुणच्या जागेवर बसले. ‘फार दाबू नका,’ मोकाशी मागून म्हणाले, ‘त्याने वाट केलेली आहे.’ मी सोडली. खाली गेली, कलली, आणि टेकली. टेकली ते मला बोटांना कळलं. आतून कुणीतरी धरल्यासारखं.

मोकाशी पुढची उचलायला खोक्यात हात घालत होते. मी त्यांचा हात बाजूला केला आणि ती स्वतःच उचलली.