मीटरबाईंचा तक्ता

सकाळी चहा गॅसवर चढवला की आत्या हात पुसत दारामागच्या मीटरपाशी जायची. चाकांचं जुनं मीटर ते. शेवटचा आकडा सरकता सरकता मध्येच दिसला तर ती तिथेच उभी राहायची, पूर्ण वर येईपर्यंत. इकडे चहा उतू.

"आत्या, चहा गेला!"

"जाऊ दे ग. अर्धा आकडा लिहायचा नसतो."

वीज मंडळाच्या तुलना विभागात तिने बावीस वर्षं काढली होती. विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, दोन टेबलं आणि ती. अणुवीज, कोळसा, पाणी, सूर्य, वारा. कुठली वीज घरापर्यंत कितीला पडते याचा तक्ता ती दरवर्षी करायची आणि तो दरवर्षी कपाटात जायचा. सगळे तिला मीटरबाई म्हणत.

मग नवा प्रकल्प कोणता, हे ठरवायची वेळ आली. बाहेरच्या सल्लागारांनी रंगीत अहवाल दिला. अणुविजेचा खर्च शंभर धरला तर सूर्याच्या विजेचा फक्त सोळा! आत्याच्या तक्त्यात तो ऐंशी होता.

"मीटरबाई, पाचपट फरक?" साहेब म्हणाले. "त्यांच्याकडे अख्खी फौज आहे. उद्याच्या सभेत तुमचा तक्ता टिकला नाही, तर हा विभाग बंद. तुम्ही बिलांच्या खिडकीवर."

घरी येऊन तिने अहवाल स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. बाबांनी डोकावून पाहिलं.

"ताई, मोठ्या लोकांशी कशाला वाकडं? खिडकीवर निदान वारा तरी येईल."

"तू भाजी चिर."

ती एकेक ओळ हाताने गुणत गेली. कोळसा बरोबर. अणू बरोबर. सूर्याच्या ओळीपाशी थांबली, पुन्हा गुणलं, आणि पेन्सिल टाकून इतकी हसली की बाबांच्या हातातली सुरी थांबली. अणुभट्टी वर्षभर जवळजवळ अखंड चालते. सल्लागारांनी तिचे चालू तास संगणकावर तसेच खाली ओढले होते, सूर्याच्या ओळीपर्यंत. तास पाचपट, म्हणून खर्च पाचव्या हिश्शावर.

पुढचं मला साहेबांनीच सांगितलं. सभेत सल्लागारांचं बोलून झाल्यावर आत्या उठली आणि तिने एवढंच विचारलं, "सूर्याची रात्रपाळी कोण बघतं?"

क्षणभर कोणाला काही कळेना. मग मंडळाच्या अध्यक्षांनी अहवालातला तासांचा रकाना काढला, आणि हसू टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलं. तास दुरुस्त केले, तर सोळाचे ऐंशी झाले. सभेला आलेले अणुभट्टीचे अभियंते तर टाळ्याच वाजवायला लागले.

"थांबा," आत्या त्यांच्याकडे वळली. "भट्टी म्हातारी झाली की ती मोडून सुरक्षित बंद करायचा खर्च तुमच्या शंभरात नाही. तो धरा. आणि सूर्याची वीज रात्री हवी तर साठवणीचा खर्च त्याच्या ऐंशीत धरा."

टाळ्या थांबल्या.

"बाई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्या घरी बिल येतं, साहेब."

सल्लागारांचा अहवाल परत गेला. आत्याचा तक्ता टेबलावर राहिला, आणि त्यावरूनच ठरलं: दिवसाची वीज सूर्याकडून, चोवीस तासांचा भार भट्टीवर. तुलना विभाग दुसऱ्या मजल्यावर गेला, चार माणसांसह. त्या संध्याकाळी ती घरात शिरली ती मिरवणुकीतून आल्यासारखी, आणि चपलाही न काढता बाबांना म्हणाली, "खिडकी मिळाली रे. वारा येतो."

आजही मंडळाच्या प्रत्येक तक्त्यात शेवटचा रकाना तिचा आहे: 'घरच्या मीटरपाशी पडलेली किंमत'. तो भरल्याशिवाय कागद पुढे जात नाही.

शेवटच्या वर्षी तिला फारसं चालवत नसे. मीटर मी वाचायचे आणि ती खुर्चीतून विचारायची. अशाच एका सकाळी चहा चढवून मी दारामागे उभी होते.

"आत्या, शेवटचा आकडा फिरतोय."

"मग थांब जरा. आणि आधी गॅस बारीक कर."