दाजींचा ड्रायव्हर

मोटारींच्या जागतिक शर्यतीत पहिला कोण आला हे सगळ्या दुनियेला कळतं; चौदावा कोण आला याची काळजी करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे. तो कुंडलला राहतो आणि तो माझा साडू आहे. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. वय पासष्टच्या पुढे, डोक्यावर टोपी, उजव्या पायात किंचित लंगड. शर्यतीचा रविवार असला की संध्याकाळी सहापासून हे गृहस्थ टीव्हीसमोर खुर्ची मांडतात आणि त्यांच्या व टीव्हीच्या मधून जायची मांजरालाही परवानगी नसते.

त्या मोटारी म्हणजे लांब नाकाच्या, उघड्या चाकांच्या, एकाच माणसाला जेमतेम बसता येईल अशा. दाजींच्या मते हा बैलांच्या शर्यतीतला छकडाच. "चाकं भाईर, मधी एकला माणूस. ह्येला मोटार कशाला म्हणायचं?" असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. चाकं झाकलेली गाडी कितीही पळाली तरी ती त्यांच्या लेखी लग्नाच्या वऱ्हाडाची. तरुणपणी दाजी बैलगाडा शर्यतीत दुसऱ्यांच्या बैलांचा छकडा हाकायचे. आमच्याकडे त्या माणसालाही ड्रायव्हरच म्हणतात. माण तालुक्यातल्या एका मैदानात छकडा उलटला, पाय मोडला आणि हाकणं सुटलं. त्यामुळे परदेशातल्या त्या शर्यतींचं सगळं शास्त्र त्यांनी मैदानातूनच आणलेलं आहे. समालोचकाचं इंग्रजी त्यांना कळत नाही आणि त्यांचं काही अडत नाही; ते आवाज बंद करून स्वतःच समालोचन करतात, आणि ते इतकं जोरात की शेजारच्यांना टीव्ही घ्यायची गरज उरलेली नाही.

आता दाजींचा ड्रायव्हर. त्याचं आडनाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून डोक्यावरच्या जांभळ्या हेल्मेटवरून तो 'जांभळ्या टोपीवाला'. हा गडी बारा ते सोळा या नंबरांच्या वर फारसा कधी गेला नाही. पण काही वर्षांपूर्वी एकदा त्याची गाडी बंद पडली, तो खाली उतरला आणि चिडून लाथ घालायच्या ऐवजी त्यानं गाडीच्या नाकावर दोनदा हळूच थोपटलं. एवढंच कॅमेऱ्यानं दाखवलं आणि दाजी त्याचे झाले. "जनावराला दोष देत न्हाई. ह्यो खरा ड्रायव्हर," असा निकाल त्यांनी तिथल्या तिथे दिला. पारावरच्या मंडळींनी पुष्कळ समजावलं, की जिंकणारा एखादा धरा, निदान टीव्हीवर तोंड तरी दिसेल. दाजी म्हणाले, "बैल बदलत्यात गड्या. माणूस न्हाई बदलत."

एका संघाच्या दोन गाड्या असतात हे कळल्यावर दाजींनी तो पैरा ठरवून टाकला. पैरा म्हणजे आपल्या बैलाच्या जोडीला दुसऱ्याचा बैल जुंपणं. एकदा जू मानेवर आलं की दोघांनी एकमेकांना सांभाळायचं. त्या दोन गाड्या एकमेकींच्याही विरुद्ध पळतात, हे मी त्यांना चार वेळा सांगून पाहिलं. पाचव्या वेळी सांगायची वेळच आली नाही, कारण त्या रविवारी जोडीदारानंच जांभळ्या टोपीवाल्याला वळणावर धडक दिली. दाजी ताटावरून उठले. "पैऱ्यानंच शिंग मारलं वं, पावणं!" असा त्यांचा फोन मला साताऱ्याला आला, तेव्हा मला आधी वाटलं, खरंच गोठ्यात काही झालं. आक्का, म्हणजे माझी मेहुणी, मागून ओरडत होती, "आवं, जेवा आता! त्येला कुटं लागलंय?"

त्यांचं खरं भांडण कॅमेऱ्याशी. कॅमेरा फिरायचा पुढच्या चार गाड्यांभोवती. दोन तासांत जांभळी टोपी आठ-दहा सेकंद दिसली तर दाजींचा रविवार कारणी लागायचा. आमच्या वास्तुशांतीला ते पंगत सोडून समोरच्या अनोळखी घरात जाऊन बसले होते. परत येऊन समाधानानं म्हणाले, "दोनदा दावला." ही तडफड मला फार उशिरा समजली. त्यांच्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, भिंतीवर एक जुना फोटो आहे: गुलालात न्हालेले बैल, फेटा बांधलेला मालक, हातात ढाल. डाव्या कडेला कासरा धरलेला नुसता एक हात. येणाऱ्या प्रत्येकाला दाजी तिथे बोट ठेवून सांगतात, "ह्यो हात माझा." मी वीस वर्षं त्यावर हसत आलो. त्याचं मला आता वाईट वाटतं.

गेल्या हंगामाच्या शेवटी बातमी आली, की जांभळ्या टोपीवाल्याला पुढच्या वर्षी कुणीच गाडी देणार नाही. मीच फोन करून सांगितलं. दाजी म्हणाले, "शेवटच्या मैदानात तरी दावतील का वं त्येला?"

शेवटच्या शर्यतीच्या रविवारी मी कुंडलला गेलो. माझ्या मोबाईलवर एक सोय होती: हव्या त्या ड्रायव्हरच्या गाडीवरचा कॅमेरा निवडून शर्यतभर त्याच्याच सोबत बसता येतं. तो लावून मोबाईल दाजींच्या हातात दिला. टोपीचा माथा, स्टिअरिंगच्या चक्रावरचे दोन हात, गाडीचं नाक आणि पुढचा रस्ता, एवढंच दिसत होतं. मी म्हटलं, "दाजी, तोंड नाही दिसायचं."

"हाकणाऱ्याला सोताचं तोंड कुटं दिसतंय?" दाजी म्हणाले आणि त्यांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला, कासरा धरावा तसा.

पहिल्यांदाच त्यांनी समालोचन केलं नाही. वळणावर नुसते खांदे कलायचे. तिकडे टीव्हीवर जिंकणारा नाचत होता, बाटल्या उडत होत्या. इकडे चौदावी गाडी हळूहळू येऊन थांबली. चक्रावरचे हात गेले, टोपी उठली, आणि पडद्यावर रिकामी गाडी राहिली. आता संपलं म्हणून मी मोबाईल घ्यायला हात पुढे केला. दाजींनी दिला नाही.

तेवढ्यात डाव्या कडेनं हातमोज्यातला एक हात आत आला. त्यानं गाडीच्या नाकावर दोनदा हळूच थोपटलं आणि तो निघून गेला.

दाजींनी मोबाईल माझ्याकडे दिला, उपरण्यानं डोळे पुसले आणि सोप्यातल्या फोटोकडे न बघता म्हणाले, "हात दिसला, पावणं. लय झालं."

हल्ली रविवारी संध्याकाळी आक्का तिची मालिका बघते. दाजी शेजारीच बसलेले असतात. मधून कुणी गेलं तरी काही बोलत नाहीत.