भूतानकडून आयात

मुलांनो, आपल्या आजूबाजूच्या पाच देशांच्या विजेचा प्रश्न शेजारच्या निवृत्त इंजिनिअरांवर सोपवला असता, तर तो एका दुपारी, दोन कप चहात सुटला असता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. वीजखात्यात असताना त्यांनी मराठवाड्याच्या तारा सांभाळल्या. निवृत्त झाल्यावर एकदम हिमालयापर्यंत मजल मारली. माझ्याकडे पंख्याखाली बसले की म्हणायचे, "बाई, हा वारा नेपाळचा असू शकतो, माहीत आहे? पावसाळ्यात त्यांच्या नद्या फुगतात, वीज जास्त होते, ती आपण घ्यायची. थंडीत नद्या आटतात, तेव्हा आपली त्यांना द्यायची. आहे काय त्यात? साखरेची वाटी बघा. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, एवढं सगळ्या देशांना कळलं की झालं काम!"

नुसतं बोलून थांबणारा हा माणूस नव्हे. पुंडलिकनगरातली आपली गल्लीच त्यांनी नकाशावर बसवली. त्यांचं घर भारत, कारण ते मधोमध आहे. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या मते, ते सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसतं म्हणून. समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या चाची उंचावर राहतात म्हणून नेपाळ. आणि मी भूतान: "लहान, नीटनेटकं, फारसं कुणात न मिसळणारं." ईदला चाची डबा घेऊन आल्या की हे दारातूनच ओरडायचे, "नेपाळचा माल आला!"

"माल नै भाईसाब, शीरखुर्मा है," चाची म्हणायच्या. "और नेपाल का डब्बा धो के वापस भेजना."

डबा परत जाताना त्यात वहिनींच्या पुरणपोळ्या असत, आणि करार पाळला गेल्याची बातमी हे मला भिंतीवरून देत.

मी मात्र या बाजारात उतरले नव्हते. कुणाकडून काही घ्यायचं नाही, हा माझा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. पण आमच्या दोन घरांचा फेज वेगळा. माझी वीज गेली तरी पुष्कळदा त्यांची चालू असते, आणि माझा अंधार त्यांना सहन होईना. एके दिवशी औरंगपुऱ्यात जाऊन त्यांनी दुकानदाराकडे आंतरराष्ट्रीय वायर मागितली. "काका, आंतरराष्ट्रीय नाय," तो म्हणाला. "दहा मीटरची हाय, चालंल का?" चालली. मधल्या भिंतीवरून ती माझ्या खिडकीत आली, टोकाला बोर्ड घेऊन. रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल यायच्या वेळी वीज गेली, की तुम्ही मला दिसायचात ते त्यांच्या विजेवर. तुमच्यासाठी म्हणून मी ती घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू पाठवून मोकळी व्हायचे.

मागच्या मे महिन्यात वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या घरी आल्या आणि दोनच दिवसांनी, भर दुपारी, त्यांच्याकडची वीज गेली. इन्व्हर्टरनंही मान टाकली. माझा पंखा मजेत फिरत होता. आता हाक येईल, मग येईल, म्हणून मी तासभर वाट पाहिली. शेवटी भिंतीपाशी जाऊन त्यांच्या खिडकीतून डोकावले, तर हे महाशय घामाघूम होऊन वर्तमानपत्रानं वहिनींना वारा घालत होते.

मला पाहताच वहिनी पलंगावरून ओरडल्या, "अहो भूतान! यांना सांगा, आयात करा म्हणावं! मघापासून सांगतेय, तर नुसतं येईल आत्ता, येईल आत्ता!"

"येईलच की," ते पुटपुटले. "बाईंना कशाला तरास?"

मी आपल्याकडचं वायरीचं टोक हातात घेतलं आणि थबकले. माझ्या टोकाला बोर्ड होता. पिन होती ती त्यांच्या टोकाला. माझ्या भिंतीत खुपसायला काही नव्हतंच. देवाणघेवाणीवर व्याख्यानं देणाऱ्या माणसानं वायर केली होती ती फक्त देणारी.

"इंजिनिअरसाहेब," मी म्हटलं, "ही तर एकाच बाजूनं वाहते."

त्यांनी वायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "व्हय की," म्हणाले, आणि मुकाट्यानं सगळी वायर ओढून उलटी फिरवली. पंखा सुरू झाला. वहिनींनी डोळे मिटले. घाम पुसत ते हळूच म्हणाले, "बाई, द्यायला सोपं असतं हो. घ्यायला लई जड जातं."

त्यानंतर त्यांच्याकडून परतफेडीचे लाडू काही आले नाहीत, आणि मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक वायर आणली. आता भिंतीवर दोन आहेत, त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या. त्यांच्या बाजूला जी 'जाणारी', ती माझ्या बाजूला 'येणारी'.

दिवाळीनंतर त्यांची मुलगी दोघांना नाशिकला घेऊन गेली. घराला कुलूप आहे. वायरी मी काढलेल्या नाहीत. झाडून घेताना त्यांच्यावरची धूळही पुसते.

दर रविवारी तुम्ही विचारता, "आजी, येताना तुला काय आणू?" आणि मी म्हणते, "काही नको, माझ्याकडे सगळं आहे." या वेळी विचाराल तेव्हासाठी मी यादी करून ठेवली आहे. तिच्यात एकच ओळ आहे: चार दिवस जास्त राहा.