गप्पांच्या गटाला दिलेला शब्द

डॉ. वनमालाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एका खांबाला धडकल्या होत्या.

वीसेक वर्षं झाली. गोंडपिपरीजवळच्या एका गावात, समाजमंदिराच्या सभागृहात, भर दुपारी पंधरा-वीस पोक्त बायका डोळे मिटून हलत होत्या. कोणी हात वर नेत होत्या, कोणी जागच्या जागी डुलत होत्या. कोपऱ्यातल्या कॅसेट प्लेअरवर नुसता ढोल आणि बासरी. संशोधन-सहायकाच्या जागेसाठी मला तिथं बोलावलं होतं. चंद्रपुरात शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या डॉक्टरांना शोधत मी दारात उभी होते. तेवढ्यात पदर खोचलेल्या एक बाई मिटल्या डोळ्यांनी खांबावर आदळल्या आणि कपाळ चोळत हसल्या. मी त्यांनाच विचारलं, "डॉक्टर मॅडम कुठी आहेत?"

"इथंच आहेत," त्या म्हणाल्या. "चप्पल काढ, आत ये. आधी नाच, मुलाखत मागून घेऊ."

माझे वडील शिक्षक. आमच्या घरात नाच म्हणजे जयंतीच्या मिरवणुकीतला, आणि तोही मुलांचा. मी संकोचानं डोळे मिटले. पाचेक मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, की मी उजव्या पायावर कमी भार देते. फिजिओथेरपीची पदवी घेऊनही हे मला कधी कळलं नव्हतं. ते सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "झाली मुलाखत. सोमवारपासून ये."

आज बाई पंच्याहत्तरीत पदार्पण करत आहेत. त्यांच्या अध्यापनाविषयी या गौरवग्रंथात अनेकांनी लिहिलं आहे. मी लिहिणार आहे त्या एका अभ्यासाविषयी, जो जगाच्या दृष्टीनं फसला.

बाईंचा प्रश्न साधा होता. पायऱ्या न शिकता, कोणाला दाखवायचं नाही असं ठरवून, श्वासाकडे आणि पावलांकडे लक्ष देत माणूस नाचला, तर त्याच्या शरीराला काय मिळतं? धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, वाकून कंबर गेलेल्या, रात्री झोप न लागणाऱ्या बायका त्यांनी निवडल्या. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एक गट नाचायचा. दुसरा गट शेजारच्या खोलीत तेवढाच वेळ बसून चहा घ्यायचा आणि गप्पा मारायचा. सहा महिने. खुर्चीवरून किती सहज उठता येतं, एका पायावर किती वेळ उभं राहता येतं, झोप कशी लागते, हे आम्ही नोंदवायचो.

पहिल्याच आठवड्यात माझी प्रश्नावली कोसळली. "आपणांस निद्रानाश जाणवतो काय?" असं मी विचारलं, तर त्यांच्यातल्या पार्बताबाई म्हणाल्या, "कायचा नाश झाला वो बाई?" सगळ्या हसल्या. वनमालाबाईंनी त्याच संध्याकाळी अख्खी प्रश्नावली त्या बायकांसमोर बसून पुन्हा लिहिली. प्रत्येक शब्द त्यांना विचारून घेतला. शेतात धानाची रोवणी सुरू झाल्यावर कोणी येईना, तेव्हा मी रागावले. बाईंनी वेळापत्रकच पुढं ढकललं. "शेत आपल्यासाठी थांबणार आहे का?" एवढंच म्हणाल्या.

पार्बताबाईंची चिठ्ठी गप्पांच्या गटात निघाली होती. त्या रोज दारातून डोकावायच्या. एकदा त्यांनी विचारलंच, "त्या नाचून राह्यल्या अन् आमी नुसत्याच बसून राह्यलो. आमाले काऊन नाई नाचू देत जी?"

बाई त्यांच्याजवळ खाली बसल्या. "तुम्ही बसलात म्हणून तर आम्हाला फरक कळणार. सहा महिने झाले की तुमची पाळी. माझा शब्द."

सहा महिन्यांनी आकडे हाती आले. नाचणाऱ्या बायकांचा तोल सुधारला होता आणि त्या खुर्चीवरून अधिक सहज उठत होत्या. गप्पांच्या गटात तसं काही झालं नव्हतं. पण झोप दोन्ही गटांची सारखीच सुधारली होती. निधीसाठी केलेल्या आमच्या अर्जात झोपेवरच सगळा भर होता. पुढचा टप्पा त्यावरच मंजूर व्हायचा होता आणि माझी नोकरीही त्यावरच टिकणार होती. मी बाईंना सुचवलं, "झोपेसाठी फक्त नाचाच्या गटाचं आधीचं आणि नंतरचं दाखवू या. ते खोटं तर नाही."

बाईंनी गप्पांच्या गटाचा कागद माझ्यापुढं सरकवला. म्हणाल्या, "त्या बायका सहा महिने घरची कामं टाकून येऊन बसल्या. आता आपण त्यांना कागदावरून उठवायचं?"

नागपूरला, निधी देणाऱ्यांच्या सभेत त्यांनी सगळं जसंच्या तसं मांडलं. मागून कोणीतरी हसत विचारलं, "म्हणजे नाचाऐवजी चहा पाजला तरी चालेल?"

"झोपेसाठी चालेल, असं आज तरी दिसतं," बाई म्हणाल्या. "तोल सावरायला नाही चालणार. आणि नाचणाऱ्यांना झोप नाचानं लागली की सोबतीनं, हे मला अजून माहीत नाही."

पुढचा टप्पा मंजूर झाला नाही. माझी नोकरी गेली. खरं सांगायचं तर मी बाईंवर फार चिडले होते. चार महिने त्यांच्या घराकडे फिरकले नाही. शेवटी त्यांनीच निरोप धाडला, पदव्युत्तर परीक्षेची पुस्तकं घेऊन रविवारी ये म्हणून. मी गेले. वर्षभर दर रविवारी, जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून, त्यांनी मला शिकवलं. आज मी जे शिकवते, ते त्या टेबलावरचं आहे.

त्याच काळात मला एक गोष्ट कळली. मी विचारलं, "बाई, तुम्ही शनिवारी कधीच घरी नसता?" तर म्हणाल्या, "गावाला जाते. गप्पांच्या गटाची पाळी राहिली होती ना." अभ्यास बंद पडला होता. मोजायचं काही उरलं नव्हतं, कुठं छापून येणार नव्हतं. तरी बाई दर शनिवारी एसटीनं जात होत्या, सहा महिने पुरे होईपर्यंत. पुढच्या शनिवारी मीही गेले. पार्बताबाई डोळे मिटून, हात पसरून, अगदी सावकाश गोल फिरत होत्या. थांबल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "मले वाटलं होतं तुमी विसरान," त्या म्हणाल्या. बाईंनी कॅसेट उलटून पुन्हा लावली.

ते गाव, ती दुपार, भिंतीला टेकून बसलेल्या त्या बायका आता पुष्कळदा आठवतात. त्यातल्या काही जणी राहिल्या नाहीत. पुढं कितीतरी चांगल्या प्रयोगशाळा पाहिल्या, पण आपण काय शोधतो आहोत आणि कोणासाठी, हे इतकं स्वच्छ मला पुन्हा कुठं दिसलं नाही.

मागच्या महिन्यात चंद्रपूरला बाईंना भेटले. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, काठी घेऊन चालतात. मी गेले तेव्हा त्या खुर्चीत बसून, डोळे मिटून, खांदे आणि बोटं हलवत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "बसून नाचणाऱ्यांचा नीट अभ्यास व्हायला हवा. तू कर. चिठ्ठीत माझंही नाव टाक."

बाई, तो अभ्यास मी करणार आहे, आणि तो लांबलचक, वर्षानुवर्षांचा असेल. आपण ठणठणीत राहून त्यात शेवटपर्यंत यावं, आमच्या प्रश्नांतल्या चुका काढाव्यात, आणि आपली चिठ्ठी नाचाच्याच गटात निघावी, एवढं आम्हा सगळ्यांचं मागणं आहे. मात्र गप्पांच्या गटात निघाली, तर मी ती बदलणार नाही.