सात वर्षांच्या खाली

आमच्या मामांइतका माफी मागण्यात तरबेज माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. आणि गंमत म्हणजे ते माफी मागायचे ती सदैव दुसऱ्यासाठी. एका चिमुकल्या संस्थानात ते वकील होते. संस्थान विलीन झालं तसे ते बुऱ्हाणपूरला, सिंधीपुऱ्यात आमच्याकडे आले, पण दरबार काही त्यांच्या अंगातून निघाला नाही. भर मे महिन्यात डोक्यावर पगडी चढवून कोर्टात जायचे आणि न्यायाधीशांना लवून मुजरा करायचे! शिपाई तोंड फिरवून हसायचा. घरीही तेच. माझ्या बहिणीने लोणच्याची बरणी फोडली म्हणून वडिलांनी तिला उपाशी ठेवायचं फर्मान काढलं, तर मामांनी तिची बाजू इतका वेळ मांडली की अखेर वडीलच कंटाळून इतवाऱ्याच्या बाजारात गेले आणि तिच्यासाठी मावाजिलेबी घेऊन आले. "गुन्हा कबूल केला की सरकार विरघळतं, भाचेबुवा," असं वर मलाच ऐकवायचे.

याच भरवशावर त्यांनी निंबोल्याच्या एका म्हातारीच्या मुलाचा खटला घेतला. बाजाराच्या वाटेवर त्याने साथीदारांसह एका विणकराला लुटलं होतं. झटापटीत विणकराचा हात कायमचा गेला. सुरा कोणी चालवला, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. मामांनी त्याला समजावलं, "खरं सांगून टाक, बेटा. आमच्या संस्थानात अशाला निम्मी शिक्षा माफ होत असे." सुरा आपणच चालवला, हे त्याने सांगून टाकलं. मग मामा असे काही बोलले की न्यायाधीशांनी हातातली लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "वकीलसाहेब, लुटताना जबर जखम करणाऱ्याला सात वर्षांच्या खाली शिक्षा मला देताच येत नाही. कायद्याने माझे हात बांधलेत."

बाहेर म्हातारी उभी होती. "वकीलसाब, माझे डोये चालले. मले राजाकडे घेऊन चला, मी पाय धरते त्याचे."

"राजा राहिला नाही, माय."

"मंग आता आयकते कोन?"

मला त्या कायद्याचा भयंकर राग आला. पण शेजारीच तो विणकर बायकोच्या हातून पाणी पीत होता, त्याच्याकडे पाहिलं की रागही धड येईना. मामा मात्र खचले. "मी त्याला गप्प राहू द्यायला हवं होतं रे," एवढंच म्हणत राहिले.

त्यानंतर ते तुरुंगात मुलाला भेटून यायचे आणि निंबोल्याला जाऊन म्हातारीला सगळं सांगायचे. तो कसा दिसतो, काय खातो, काय म्हणाला. तो सुटला तेव्हा मामांनीच त्याला घरी आणलं, मी बरोबर होतो. तिची नजर तोवर पार गेली होती. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि हंबरडा फोडला. मामा दाराबाहेरच थांबले. आत पाऊल टाकायचा त्यांना धीर होईना. थोड्या वेळाने तीच आतून म्हणाली, "वकीलसाब, बाहेर काहून उभे? घरात या ना."