वरच्या पेटीतली बॅटरी

तिला आत्या म्हणायला सुरुवात केली ती तिच्या भाचीने. भाची लहानपणी बापाच्या व्हिडिओ गेमच्या हॉलमध्ये काउंटरखाली बसून खेळायची. तिचं ऐकून हॉलमधले सगळे आत्या म्हणू लागले आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. आता साठी उलटली तरी गिऱ्हाइकं दारातूनच हाक मारत, "आत्या, झालं का माझं?"

लाँड्रीच्या मागच्या खोलीत तिचं दुकान होतं. भिंतीला लागून एक लांब टेबल, त्यावर मीटर, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग आणि पलीकडून सतत येणारा इस्त्रीच्या वाफेचा वास. रेडिओ, चार्जर, कानाची मशीनं, पंख्याचे रेग्युलेटर, काहीही आणा. फक्त गेमचा सर्किट बोर्ड कोणी आणला की ती हात झटकायची. "ते माझ्याकडे होत नाही." एवढं बोलून मान खाली घालायची. नव्या लोकांना त्यात काही वाटायचं नाही. जुन्यांना माहीत होतं की एके काळी या गावात गेमचे बोर्ड फक्त तिच्याकडेच दुरुस्त व्हायचे.

तरुणपणी ती रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंगचे डाग लावायला होती. दादाने बस स्टँडसमोर गेम हॉल काढला तेव्हा तो म्हणाला, "दुसऱ्याच्या दारात कशाला झिजतेस? आपल्या घरचं कर." ती नोकरी सोडून आली. दादा बोलघेवडा, माणसं जमवणारा. ही अबोल. तो पुढे काउंटरवर आणि ही मागच्या बोळात मशीनच्या उघड्या कॅबिनेटमध्ये डोकं खुपसून. भावाबहिणीचं मेतकूट असं, की वहिनी हसून म्हणायची, "या दोघांत माझं काय काम?"

तेव्हा एका गेमला एक अख्खा बोर्ड असायचा. गेम शिळा झाला की सगळं काढायचं, नवं बसवायचं, तारा नव्याने जोडायच्या. मग ती दोन पेट्यांची मशीनं आली. खालची पेटी कायमची: तिच्यात प्रोसेसर, आवाजाचं सर्किट, खेळायची काठी आणि बटणांची जोडणी. वरच्या पेटीत नुसता गेम. वरची उचलायची, दुसरी ठेवायची, की त्याच कॅबिनेटमध्ये वेगळा खेळ सुरू. दादाने हौसेने एक संच आणला, कुठल्याशा बंद पडलेल्या हॉलमधला, वापरलेला. त्यातला मारामारीचा गेम असा काही चालला की पोरं शाळा बुडवून रांगा लावू लागली. आठ रंगीत पहिलवान, प्रत्येकाची वेगळी आरोळी. आरोळी घुमली की रस्त्यावरचा माणूससुद्धा डोकावून जायचा. शेजारचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावून डाव बघायला यायचा आणि इकडे गिऱ्हाइकाच्या गालावर फेस वाळून जायचा.

दोन-चार वर्षांनी त्या गेमचा आवाज खरखरू लागला. दुसरा गेम ठेवला की आवाज ठीक, म्हणून आत्याने वरची पेटी उघडायचं ठरवलं. तिचे स्क्रू कंपनीने मुद्दाम असे केले होते की कुठलाच पेचकस लागू नये. आत्याने बॉलपेनची नळी तापवून त्या स्क्रूवर दाबली, थंड होऊ दिली आणि त्याच नळीने स्क्रू फिरवले. आत धूळ होती, आणि एका कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी एक बॅटरी डागून बसवलेली होती. ही कशाला, असं तिच्या मनात आलं खरं. तिने बोर्ड बाहेर काढला, ब्रशने साफ केला, झाकण लावलं. संध्याकाळी आवाज घंटेसारखा स्वच्छ. दादा खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने बटण दाबलं तर पडद्यावर सपाट निळा रंग. ना पहिलवान ना आरोळी. बंद करून चालू केलं, पेटी काढून परत बसवली, निळंच. आत्याने दिवसभर आकाशपाताळ एक केलं. एकेक तार तपासली. काही सापडेना.

"तू उघडलीस ना काल?" दादा म्हणाला.

"उघडली. पण काल चालली ना रे त्यानंतर!"

"मग आज काय झालं?"

"कळत नाहीये मला."

हे "कळत नाहीये" दादाने धरून ठेवलं. हॉल पोरांनी भरलेला, सलूनवाला दारात उभा. त्या सगळ्यांसमोर दादाचा तोल गेला. "नको तिथे हात घालायची खोड आहे तुला. चाललेला धंदा बुडवलास! आजपासून माझ्या मशीनला हात लावायचा नाही."

आत्याने आपलं सोल्डरिंग आयर्न उचललं आणि ती मागच्या बोळातून बाहेर पडली.

ते शब्द हॉलमध्येच राहिले असते तरी निभावलं असतं. पण दादा माणसं जमवणारा. येईल त्याला तो सांगू लागला, "बहिणीने बंद पाडला माझा गेम." दुसऱ्या हॉलवाल्यांनी तिला बोलावणं बंद केलं. ती पुन्हा कारखान्याच्या दारात गेली, तर तिथे आता भरती नव्हती. कित्येक वर्षं तिने चार्जरच्या वायरी जोडून काढल्या. घरोघरी व्हिडिओ गेम आले, मग मोबाइल आले आणि दादाचा हॉल बसला. त्याचंही खापर तिच्याच डोक्यावर फुटलं. भाचीच्या लग्नालासुद्धा ती मागच्या खुर्चीवर बसून, अक्षता पडल्यावर न जेवता परतली. वहिनी तेवढी अधूनमधून फोन करायची, तोही दादा बाहेर गेला असताना.

आणि मग एक दिवस दातांचा डॉक्टर आला. याला जुन्या गेमचा नाद. कापडात गुंडाळून त्याने पेटी आणली होती. ती ओळखायला आत्याला भिंग लागलं नाही.

"ते माझ्याकडे होत नाही," ती म्हणाली.

"आत्या, नुसती बॅटरी बदलायची आहे. पण जपून. ती सुटली की गेम मेला."

तिचा हात थांबला. "म्हणजे काय?"

डॉक्टरने स्टूल ओढून समजावलं. लोक गेमच्या चिप उतरवून नकला विकायचे, म्हणून कंपनीने आतला मजकूर उलटापालटा करून ठेवला. तो सरळ वाचायची किल्ली एका इवल्या मेमरीत. मशीन चालू असताना त्या मेमरीला विजेचा आधार, बंद असताना फक्त त्या बॅटरीचा. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि पडदा कोरा.

"निळा?" आत्याने विचारलं.

"निळा, नाहीतर दुसरा कुठला. तुम्ही पाहिलाय?"

आत्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण झालं भलतंच. चालू असताना बॅटरी लागत नाही, म्हणजे संध्याकाळी गेम चालला हा काही पुरावाच नव्हे. बोर्ड उचलताना तिचा अंगठा नेमका कुठे होता? बॅटरीवरच तर नव्हता? दाबाने बॅटरीचा डागलेला पाय खिळखिळा झाला असेल आणि संध्याकाळी मशीन चालू असताना सुटला असेल, तर रात्री मशीन बंद झाल्याबरोबर किल्ली गेली असणार. म्हणजे दादा म्हणत होता तेच खरं!

इतकी वर्षं तिला एकाच गोष्टीचा आधार होता की आपण काही केलेलं नाही. तोच आता डळमळला. घास गोड लागेना. शेवटी एका रविवारी भिंग, मीटर आणि बॉलपेनची नळी पिशवीत टाकून ती दादाच्या दारात उभी राहिली.

वहिनीने दार उघडलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! वन्सं, तुम्ही?"

दादा खिडकीशी बसला होता. पार वाळला होता. 

"ती वरची पेटी टाकलीस का रे?" आत्याने विचारलं.

"माळ्यावर असेल. कशाला जुनं उकरून काढतेस?"

"मला बघायची आहे. माझ्या हाताने गेली असेल तर मला कळू दे."

"राहू दे म्हटलं ना!" त्याचा आवाज चढला. आत्याला वाटलं, राग अजून गेलेला नाही. पण वहिनी स्टुलावर चढली आणि तिने पेटी खाली काढली.

जेवणाच्या टेबलावर आत्याने स्क्रू काढले. झाकण उचललं, भिंग डोळ्याला लावलं आणि ती बघतच राहिली. बॅटरीच्या पायांवर डागांचे ढोबळ, जळके गोळे होते. असा डाग तिने जन्मात लावला नसता आणि कारखान्यातून तर असा येणंच शक्य नव्हतं. तिने बॅटरीवर छापलेलं साल वाचलं. भांडणाच्या पुढच्या वर्षाचं होतं.

"दादा, ही बॅटरी कोणी बदलली?"

दादा खिडकीबाहेर बघत होता.

"दादा, मी विचारतेय."

"सांगा की आता," वहिनी म्हणाली. "किती वर्षं मूग गिळून बसणार?"

त्याने घसा खाकरला. "दुसऱ्या गावचा एक मेकॅनिक आला होता. म्हणाला, आपली संपलीच होती, वापरलेला संच ना तो. त्याच्याकडे अशा बऱ्याच पेट्या आल्या होत्या. नवी घालून बघू म्हणाला. नाही चालली."

"संपली होती? पाय सुटला नव्हता?"

"नाही. पाय घट्ट होते, त्याने उपटूनच काढले. तुझा काही संबंध नव्हता."

आत्या हळूच खुर्चीवर टेकली. "म्हणजे वर्षभरात तुला कळलं होतं."

"सांगणार होतो गं."

"कधी?"

"आज सांगू, उद्या सांगू, करत राहिलो. मग हॉल बसायला लागला. लोक विचारायचे, काय झालं? काय सांगणार? माझं चुकलं म्हणून? तुझं नाव तोंडात बसलं होतं."

त्याच्या मघाच्या राग वाटणाऱ्या आवाजात भीती होती, हे तिला आत्ता कळलं. ओरडावं असं तिला वाटलं, पण ओरडायची सवयच नव्हती. तिने स्क्रू एकेक करून लावले.

"चहा टाकते," वहिनी म्हणाली.

"नको वहिनी." मग ती दादाकडे वळली. "ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांना खरं सांग. बाकी मला काही नको."

"आता कोण उरलंय त्यातलं?"

"सलूनवाला आहे ना. त्याच्यापासून सुरुवात कर."

पेटी ती घेऊन आली. जगात कोणी कोणी वर्षानुवर्षं खपून ती कुलपं उकलली होती आणि पुसलेली किल्ली परत भरायची युक्ती सगळ्यांसाठी खुली केली होती. डॉक्टरने ती दाखवली. आत्याने तारा जोडल्या, किल्ली भरली, नवी बॅटरी पेटीबाहेर सहज बदलता येईल अशी बसवली. डॉक्टरच्या खालच्या पेटीवर ठेवून बटण दाबलं तर पहिलवान आरोळी ठोकून हजर. डॉक्टरने टाळ्या पिटल्या. आत्याला मात्र तो आवाज सहन झाला नाही. तिने लगेच बटण बंद केलं आणि पेटी डॉक्टरलाच देऊन टाकली.

पुढच्या आठवड्यात भाची दुकानात आली.

"आत्या, बाबा गेले होते सलूनमध्ये. मीच हात धरून नेलं. वाटेत दोनदा म्हणाले, परत फिरू."

"मग?"

"सांगितलं सगळं. बहिणीचा काही दोष नव्हता, मला माहीत असून मी खोटं बोलत राहिलो, असं सरळ म्हणाले."

"काय म्हणाला तो?"

भाची घुटमळली. "म्हणाला, कुठला गेम? त्याला काही आठवतच नव्हतं गं. बाबांनी दोनदा समजावलं. तर तो म्हणतो, असं काही झालं होतं होय? आणि बाबांना म्हणाला, केस वाढलेत, बसा."

आत्याला आधी हसू फुटलं. भाचीही हसली. मग हसता हसता आत्याने भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि पदराने तोंड झाकून घेतलं. भाची उठून तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. पलीकडे इस्त्री वाफ सोडत होती.

"बाबांना काय सांगू?" निघताना भाचीने विचारलं.

"काही नको सांगूस," आत्या म्हणाली. "वहिनींना म्हणावं, फोन करायला दादा बाहेर जायची वाट बघू नका."