पेटीत निघालेलं 'सर्व क्षेम'

हे भित्तिपत्रक वाचणाऱ्यांनो, आज लय दमलोय.

आम्ही दहावीच्या चौघांनी पोरांच्या मनातलं ऐकायला मंडळ काढलं आणि शाळेच्या व्हरांड्यात पेटी ठेवली. नाव नको, मनात सलतंय तेवढंच लिहा, असं सांगितलं.

आज दुपारी उघडली. सात चिठ्ठ्या, आणि सातही "इकडील सर्व क्षेम" अशाच सुरू! वसतिगृहातली पोरं, घरी पत्र लिहायची सवय, दुसरं काय. त्याखाली मात्र कुणाला झोप नाही, कुणाला पळून जावंसं वाटतंय.

आटपाडीचा माझा दोस्त म्हणाला, "गड्या, ह्येला आपण काय करणार रं?" मी चिठ्ठ्या घडी करून परत पेटीत ठेवल्या.

वसतिगृहात येऊन आईला कार्ड लिहायला बसलो. तिला ते पोस्टमन वाचून दाखवतो.

लिहिलं, "इकडील सर्व क्षेम."

तुम्ही तरी खरं लिहिता का?